मेंदूत लोह, ताटात दहीभात

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले. हे माझ्या शेजारी उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. दीड वर्ष आम्ही त्या हाताला 'नस दबली असेल' म्हणून तेल चोळत होतो.

मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या काही पेशी हळूहळू मरतात. मग हात कापतो, चाल मंदावते, आवाज बारीक होतो. दुसरं काही नाही ना, हे बघायला एमआरआय सांगितला, म्हणजे चुंबकाच्या मशीनमध्ये काढलेला मेंदूचा फोटो.

त्या फोटोने जीव नकोसा केला. मुंबईत तीन आठवड्यांनी नंबर लागला. तिथे पोचल्यावर मशीनवरच्या माणसाने विचारलं, "काम काय करता?" हे तळोज्याला कारखान्यात फिटर. "मग डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो. चुंबकाने तो सरकला तर डोळा जाईल. आधी एक्स-रे काढून आणा." बरोबरच होतं. पण नंबर देतानाच सांगायला काय झालं होतं? परत वाशीला घरी, एक्स-रे, परत नंबर. दुसऱ्या खेपेला थरथरीने डोकं हललं, फोटो पुसट. तिसऱ्या खेपेला जमलं एकदाचं.

"गाठबीठ नाही," डॉक्टर म्हणाले. "इथे लोह जरा जास्त साठलेलं दिसतंय. या आजारात तसं दिसतं."

"कशामुळे?"

"लोहामुळे पेशी मरतात, की पेशी मेल्या म्हणून लोह साठतं, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी 'लोह' एवढंच धरलं. लोखंडी तवा, कढई माळ्यावर गेली. मेथी, पालक, गूळ, खजूर बंद. रोज दहीभात. "डोक्यात लोखंड साठलंय आणि तू त्याला मेथी घालतेस?" मी आधी भांडले, मग थकले. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती.

चार महिन्यांत हे पांढरेफटक पडले. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन घसरलेलं. पोटात कुठे रक्तस्राव नाही ना, तेही तपासून झालं. मग डॉक्टरांनी लोहाच्याच गोळ्या लिहिल्या आणि मी भडकले.

"आधी लोह जास्त म्हणालात, आता लोह द्या म्हणता! आम्ही करायचं तरी काय?"

त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "जेवण तोडून मेंदूतलं लोह उतरत नाही, बाई. त्यांना सगळं खाऊ द्या. फक्त ही गोळी आणि लेव्होडोपा, म्हणजे थरथरीची गोळी, एकत्र देऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती नीट लागू पडत नाही."

"हे आधी सांगायचं ना, डॉक्टर."

"हो," ते म्हणाले. "चुकलंच."

घरी आल्यावर वन्सं रडायला लागल्या. "मीच त्याला उपाशी मारलं गं." मी उत्तर देणार, तेवढ्यात हे काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला.

"चार महिने माझं ताट तुम्ही दोघीच ठरवताय. मला विचारलंत का कुणी?"

नव्हतं विचारलं. दोघींपैकी कुणीच नाही.

आता दोन वर्षं झाली. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. गोळीने बरे तास मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांचे आभार मानते. ज्यांच्या घरात हे दुखणं येईल त्यांना एवढंच सांगेन, की डॉक्टरांपुढून उठायच्या आत सगळं विचारून घ्या, आणि घरी येऊन पेशंटलाही विचारा. यांच्या चेहऱ्यावर आता काही उमटत नाही, उत्तर यायला फार वेळ लागतो. वैताग येतो मला अजूनही. पण मी थांबते.