पहिली मोटार पलीकडं गेली, माझी नव्हे

मंडळी, आज भीमेकाठी माझा नुसता जळफळाट झाला.

पूर ओसरला, की दोन नावा जोडून त्यांवरून मोटारी पार नेतात. पहिल्या मोटारीला नावाडी हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. दरवर्षी तो मान माझा. आज उतारू घेऊन पोचतो तर रसूल, माझाच जुना क्लीनर, स्वतःची मोटार नावेवर चढवून उभा!

माझ्या मागच्या बाकावरून कुजबूज ऐकू आली, "त्येच्या गाडीत बसलो असतो तर आत्ता पलीकडं असतो की!"

नाव सुटण्याआधी रसूल खोबरं घेऊन आला. "मालक, पहिला तुकडा तुमचा."

खरं सांगा, तुम्ही खाल्लं असतं? मी खाल्लं. खवट असतं तर बरं वाटलं असतं. पण लई गोड निघालं.