डोळे आखल्यावर हात कापायचा?

मंडळी, रामवाडीच्या एका मंडळाला गणपतीच्या हातातलं पिस्तूल आता नको आहे. हमरापूरच्या मूर्तिकार सुमनताईंनी आज दुपारी मला स्वतः सांगितलं.

कोरियन हेरपटाचं पोस्टर दाखवून मंडळानेच तशी मूर्ती सांगितली होती. नायक तिकडचा लाडका पॉप गायक. काल केबलवर सिनेमा लागला, मीही पाहिला. दोन तास तो केस सावरत पळतो आणि शेवटी शत्रूला शरण जातो.

मी ताईंच्या मूर्तींच्या कारखान्यात असतानाच मंडळाचा सेक्रेटरी आला. "आमच्या बाप्पाला लोक हसतील. मनगट कापा, परशू लावा."

ताई म्हणाल्या, "डोळे आखून झालेत रे. आता तो बघतोय. त्याच्या देखत त्याचाच हात कापू?"

"तुम्हाला जमत नाय, तर आम्ही कापू."

तो गेल्यावर ताई मूर्तीपुढेच बसून राहिल्या. खंडित मूर्तीचा दोष घरावर येतो म्हणतात, आणि त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे. मी देवभोळा नाही, पण निघताना मलाही त्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

उद्या सकाळी मंडळाची पोरं करवत घेऊन येणार आहेत. ताई मूर्तीपुढून हलणार नाहीत. तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?