अंजनाची जीभ

दिवे लागले की अंजना आमच्या ओसरीसमोर येऊन उभी राहायची आणि मला जीभ दाखवायची. आधी बाहेर काढून, मग वर उचलून, मग दोन्ही गाल बोटांनी ओढून. घरी पाहुणा असला तर त्याला वाटायचं, ही बाई आपल्याला वेडावते आहे. मी चुलीपुढून मान वर करून बघायची आणि म्हणायची, "बरं हाय. जाय." ती हसत घरी जायची. गावाला आमच्या या कारभाराची सवय झाली होती.

अंजना म्हणजे नामदेवची बायको. तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. पांढरकवड्याच्या अलीकडे हैदराबादच्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. कापूस वेचायला बायका जायच्या तेव्हा तिच्या गाण्याशिवाय हात चालायचे नाहीत. आवाज चांगला नव्हता, मोठा होता.

वनिता, म्हणजे तिची एकुलती एक पोरगी, शाळेत जाऊ लागली त्या सुमाराला अंजनाच्या डोक्यात माणसं बोलायला लागली. मला म्हणाली, "बाई, माह्या डोक्यात बजार भरते. सारे भाव करून राह्यले, आन् मंधामंधात मले शिव्या देऊन राह्यले." गाणं बंद झालं. जेवण बंद झालं. नामदेव साधा माणूस, पण शहाणा. त्याने तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

सुरुवातीला ती गोळी सकाळी घ्यायची. एके दिवशी दुपारी ती कुठेच दिसेना. आम्ही विहिरीत डोकावलो, नाल्याकडे माणसं धावली, नामदेव रडायला लागला. शेवटी त्याच्याच घरात रचलेल्या कापसाच्या ढिगातून घोरण्याचा आवाज आला. बाईसाहेब आत गाढ झोपलेल्या, केसांत सरकी. उठवलं तर म्हणते, "कोण मेलं? काहून जमले सारे?" डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा त्याने गोळीची वेळ संध्याकाळची केली.

हळूहळू बजार उठला. बाई पुन्हा गायला लागली. ती बरी झाली, आणि तिथेच घोळ झाला. नवरात्रात तिचे नऊ दिवस उपास असायचे. तिची मोठी जाऊ कौसल्या म्हणाली, "गोळीत मीठ असलं म्हणजे? उपास मोडते ना." अंजनालाही ते पटलं. आता बरंच वाटतं, नऊ दिवसांनी काय होते! डॉक्टरला कोणी विचारलं नाही. दसरा झाला आणि काही दिवसांत ती हमरस्त्याच्या कडेला बसून ट्रकांना "हळू बोला रे" म्हणून ओरडताना सापडली. पुन्हा यवतमाळ, पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यातही ती चोरून गोळी गालात धरायची आणि चुलीच्या राखेत थुंकायची. सावरायला बराच काळ गेला.

सावरल्यावर एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, माहा माह्यावर भरोसा नाही. मी रोज गोळी घेईन आन् तुले तोंड दाखवीन."

"मलेच काहून? घरी नवरा हाय ना."

"त्याले मी फसवतो. तुले गोड बोलता येत नाही, म्हणून तुह्याकडं आली."

ते खरं होतं. मी कबूल केलं.

पुढच्या नवरात्रात तिने डॉक्टरला विचारून उपास केला. फराळ करायची, पाणी प्यायची आणि गोळी घ्यायची. कौसल्या म्हणाली, "देवीले राग येईन." अंजना म्हणाली, "येऊ दे. राग आला तरी आता मले ऐकू येत नाही. गोळीचा गुण हाय."

गोळीने तिला त्रासही दिला. ताडकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग ती दमाने उठायला शिकली. आधी बसायची, मग हात टेकायची, मग उभी. "मी म्हशीवाणी उठतो, घाई करू नका," असं सगळ्यांना सांगायची. एकदा हात थरथरायला लागले, चहा बशीत सांडायचा. कौसल्या म्हणाली, "पाह्य, गोळीनंच झालं. फेकून दे." अंजना म्हणाली, "हात हालते तर डॉक्टरले दाखवीन, तुले कायले दाखवू?" डॉक्टरने गोळी कमी केली, हात थांबले. एकदा गावाला गेली आणि गोळी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी नामदेव म्हणाला, आज दोन घे. ती म्हणाली, "काल जेवली नाही म्हणून आज दोन पोटं लावू का?" होळीला मोहाची दारू वाटली जायची तेव्हा ती आपली वाटी उपडी घालून ठेवायची.

शेजारणी तिच्याकडे गोळी मागायच्या. झोप येत नाही, एक दे ना व. आमच्याकडे विरजण मागतात तशी मागायच्या. ती म्हणायची, "साखर ने, तेल ने, माहं लुगडं ने. गोळी नाही. तुह्या डोक्यात बजार भरते का? मंग?"

वनिताचं लग्न मे महिन्यात ठरलं, उमरखेडच्या मुलाशी. या गोळीवर ऊन सोसत नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. म्हणून पोरीच्या लग्नाचा सगळा कारभार तिने सावलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी बसून केला. पेला हातात आणि हुकूम तोंडात. आचारीसुद्धा तिला वचकून होता.

हळदीच्या दिवशी वराकडची मंडळी आली. दिवे लागले, पंगत उठली, आणि अंजनाला गोळ्यांचं पाकीट सापडेना. मी कौसल्याकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं. तिनेच लपवलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन-तीन दिवसानं मरत नाही थे. सोयऱ्याइले समजलं तर हळद उतरून जाईन पोरीची." तिचं अगदीच खोटं नव्हतं. आईच्या डोक्याचं औषध कळल्यावर मोडलेली सोयरीक मी पाहिली आहे. पण हमरस्त्यावर बसलेली अंजनाही मी पाहिली होती.

मी काही बोलायच्या आत अंजना भर मांडवात ओरडली, "काव जाऊबाई, माह्या गोळ्या कुठं ठेवल्या?"

मांडवातल्या माना वळल्या. नवऱ्या मुलाची आई समोरच बसली होती. जाडजूड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने विचारलं, "कायच्या गोळ्या, ईनबाई?"

"डोक्याच्या."

"डोकं दुखते त्यायचं," कौसल्या मध्येच म्हणाली.

"दुखत नाही," अंजना म्हणाली. "डोक्यात माणसं बोलत होते. गोळी घेतो तं गप राह्यते. आज नाही घेतली तं उद्या पोरीच्या लग्नात मी कोण्या माणसासंग बोलून राह्यली, मलेच समजणार नाही."

वनिताने मान खाली घातली. ती जाड बाई अंजनाकडे बघत राहिली. मग कौसल्याला म्हणाली, "द्या व बाई त्यायच्या गोळ्या." आणि अंजनाला म्हणाली, "पण अशी नाही घेऊ देत. मांडवात बसल्या, नाव घेऊनच घ्या."

कौसल्याने पाकीट काढून दिलं. अंजनाने गोळी जिभेवर ठेवायच्या आधी पेला उचलला आणि मोठ्या आवाजात म्हणाली,

"दिवेलागणीची गोळी, वरतून पाणी गार,
नामदेवरावाचं नाव घेते, उठला डोक्यातला बजार."

मांडव हसला. नामदेव लाजून आचाऱ्याच्या मागे लपला. गोळी गिळून अंजना सवयीने माझ्याकडे वळली आणि जीभ दाखवली. विहीणबाई म्हणाल्या, "मले बी दाखवा. मी बी सोयरी हाय." त्यांनाही दाखवली. दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं आणि अंजना वरातीत आवाज बसेपर्यंत गायली.

यंदा वनिताला जुळे झाले. जावयाचं किराणा दुकान, घरात हात कमी, म्हणून अंजना आणि नामदेव कायमचे उमरखेडला निघाले. मी विचारलं, "आता जीभ कोणाले दाखवशीन?" ती म्हणाली, "ईनबाईनं आधीच सांगून ठेवलं. थे तुह्यापेक्षा कडक हाय, गालात बॅटरी मारून पाहीन म्हणते."

मी पांढरकवड्याच्या स्टँडवर पोचवायला गेले. उमरखेडची गाडी लागेपर्यंत दिवे लागले. अंजना खिडकीशी बसली, नामदेवने बाटली पुढे केली, तिने गोळी घेतली. मग खिडकीतून जीभ बाहेर. कंडक्टर म्हणाला, "काव मावशी, कोणाले वेडावून राह्यल्या?"

मी खालून म्हटलं, "बरं हाय. जाय." गाडी सुरू झाली होती, तिला ऐकू गेलं नाही. ती कानाला हात लावून बघत राहिली. मग मीही जीभ काढून दाखवली. स्टँडवरची माणसं बघत होती, बघू देत.

तिचं तेवढ्याने भागलं नाही. चालत्या गाडीतून तिने स्वतःच्या गालाला बोट लावून खूण केली. मग मी दोन्ही गाल ओढून दाखवले, तेव्हा कुठे तिने मान हलवली.