हाच तो हात

आमच्या गावात राष्ट्राध्यक्षांचं संग्रहालय आहे आणि संग्रहालयात आर्विला आहे. एकोणतीस वर्षं ती निळं जाकीट घालून जुन्या आगगाडीच्या डब्याशेजारी उभी राहते, तेही फुकट. गोष्ट एकच. प्रचाराच्या दौऱ्यात अध्यक्षांची गाडी आमच्या स्टेशनात सात मिनिटं थांबली, ते डब्याच्या कठड्यावरून वाकले आणि त्यांनी छोट्या आर्विलाचा हात हातात घेतला. मग ती उजवा हात वर करते. "हाच तो हात!" शाळेची पोरं रांग लावून तो हात हातात घेतात. मी शेजारीच तिकिटाच्या खिडकीत बसते. ही गोष्ट मला झोपेतही सांगता येईल.

त्या शनिवारी मात्र बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गावच्या फोटोग्राफरच्या नातवानं जुन्या निगेटिव्हची सहा खोकी संग्रहालयाला दिली होती. त्यातले गाडीच्या दिवसाचे फोटो संग्रहालयातली आमची केल्सी दुपारी दोनला गावाला पडद्यावर दाखवणार होती. आर्विलानं खुर्च्या तीनदा मांडल्या, तीनदा हलवल्या.

"अगं, बस ना एका जागी! लिंबाची वडी तरी खा, पहाटे उठून केलीय."

"ग्लेना, सगळी सात मिनिटं टिपली असतील का गं त्यानं?"

"असतील की. आता तू पडद्यावर झळकणार, मग आम्हाला कसली ओळख देतेस!"

ती हसली नाही. कॉफीची किटली भरायला निघून गेली. किटली काठोकाठ भरलेलीच होती. मला वाटलं, कौतुकाचं दडपण आलं असेल. मी कसली शहाणी!

दोन वाजता सभागृह भरलं. पडद्यावर गर्दी आली, बँड आला, मग कठडा. अध्यक्ष वाकलेले, आणि त्यांच्या हातात दोन वेण्यांच्या एका मुलीचा हात.

"मिस आर्विला, उभ्या राहा ना!" केल्सी ओरडली. "किती गोड दिसताय वेण्यांमध्ये!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आर्विला खुर्चीची पाठ धरून उठली. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"ती मी नाही," ती म्हणाली. "ती लोरीन. माझी थोरली बहीण. पुढच्या उन्हाळ्यात पोलिओनं गेली."

टाळ्या थांबल्या.

"दोन दिवस तिनं तो हात धुतला नव्हता. ती गेल्यावर आई घरात तिचं नाव काढू देईना. मग गोष्ट मी माझी म्हणून सांगायला लागले. नाहीतर सांगणारं कुणी उरलंच नव्हतं."

मला आधी रागच आला. एकोणतीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून! मग तिनं अजूनही घट्ट धरलेली खुर्चीची पाठ दिसली आणि राग ओसरला.

"मग तुम्ही कुठे आहात?" केल्सीनं हळूच विचारलं.

आर्विला पडद्यापाशी गेली आणि लोरीनच्या मागे लपलेल्या चिमुरडीवर तिनं बोट ठेवलं. "ही. गर्दीला घाबरून भोकाड पसरणारी."

केल्सीनं फोटो मोठा केला. लोरीनचा एक हात अध्यक्षांच्या हातात होता. दुसऱ्या हातानं तिनं मागच्या चिमुरडीचा उजवा हात घट्ट धरला होता. आर्विला तिथेच रडायला लागली.

पुढच्या शुक्रवारी शाळेची बस आली. आर्विलानं लोरीनची गोष्ट लोरीनच्या नावानं सांगितली आणि उजवा हात वर केला. "हा तिनं धरलेला हात."

पोरांनी नेहमीसारखी रांग लावली. खिडकी बंद करून मीही त्यांच्या मागे उभी राहिले.