दुसऱ्या दिवशीचा फळा

फोन आला तेव्हा मी बसवकल्याणच्या कॉलेजात तासावर निघाले होते. काकू एवढंच म्हणाली, "सुजा, अण्णा गेले गं…" अशा वेळी माणसं 'कधी?', 'कसं?' असं विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "आजचा फळा लिहिला होता का?" काकूनं रडत रडतच सांगितलं, "व्हय. लिहून स्टुलावर टेकले, अन् तशीच मान टाकली." या प्रश्नावरून नातलगांनी मला नंतर पुष्कळ बोलून घेतलं. मी तेव्हा माफी मागितली नाही, आताही मागत नाही. अण्णांना खरोखर ओळखणाऱ्यानं आधी हेच विचारलं असतं.

किसनअण्णा माझे थोरले चुलते. बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला गुळगुळीत गिलावा करून त्यांनी काळा रंग दिला होता, तो हा फळा. रोज सकाळी पहिली बस यायच्या आत त्यावर तारीख पडायची. डाव्या अंगाला मराठी, उजव्या अंगाला कन्नड. ज्यांना दोन्ही वाचता येत नव्हतं त्यांना ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता दखनी उर्दूत ऐकवायचे. कुठली बस बंद, रेशन कधी सुटणार, कुठल्या गावात जनावरांना रोग आलाय, कुणाचं लग्न, कुणाची माती. तारखेशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीत. "तारीख न्हाई ती बातमी न्हाई, ती कुजबूज," म्हणायचे.

हा फळा छंदातून आला नव्हता, रागातून आला होता. आजोबांच्या काळी गावात एकच पेपर यायचा, तोही एक दिवस शिळा. हॉटेलात कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा आणि आजोबा पायरीखाली उभे राहून ऐकायचे. आम्ही बौद्ध, पायरी चढायची सोय नव्हती. आमच्या लोकांवर काही गुदरल्याची बातमी आली की वाचणारा न वाचताच पान उलटायचा. आजोबांना अक्षर कळत नव्हतं, कागदाचा आवाज कळायचा. घरी येऊन म्हणायचे, "आज बी आपलं पान उलटलं." अण्णा सातवीपर्यंत शिकले ते हे वाक्य ऐकत. पुढे स्वतःची भिंत झाली तेव्हा त्यांनी ठरवलं, असा पेपर काढायचा की ज्याचं पान कुणाला उलटताच येणार नाही.

चुका त्यांच्याही झाल्या. एकदा ट्यूब बदलायला थांबलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं की अडतवाले वीरभद्रप्पा सोलापूरच्या दवाखान्यात वारले. अण्णांनी त्यांच्या घरी विचारपूस न करताच लिहून टाकलं. बाजारातल्या चार दुकानांनी शटर ओढलं. घरच्यांनी खुलासा करून करून तोंड दुखवून घेतलं, तरी लोक फळ्यावरच विश्वास ठेवायचे! अन् अण्णाही अडून बसले, ट्रकवाला खोटं कशाला बोलेल म्हणून. तिसऱ्या दिवशी वीरभद्रप्पा स्वतः बसमधून उतरले, फळ्यासमोर उभे राहून स्वतःचं मरण वाचलं आणि म्हणाले, "काय किसनअण्णा, मारलास व्हय मला? माती कधी हाय सांग, मी बी येतो."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी डब्यातून लाल खडू काढला, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, वीरभद्रप्पा जिवंत आहेत, चूक माझी. मी तेव्हा बी.ए.ला होते. म्हटलं, "अण्णा, पुसून टाका की. कामून लाज काढून घ्यायलाव?"

"पुसलं तर उद्याचं कोण खरं मानंल? खोटं तीन दिवस ऱ्हायलं, आता रेघ बी तीन दिवस ऱ्हाईल."

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. एम.ए.ला मी वर्तमानपत्रांचा आरंभकाळ हा विषय घेतला आणि जे वाचायचे ते दुकानात बसून अण्णांना सांगायचे. फार पूर्वी रोममध्ये रोजच्या घडामोडी पांढऱ्या फळ्यावर लिहून चौकात ठेवत. मोगलांच्या दरबारातून हातानं लिहिलेले अखबार गावोगाव जात. शिळाछाप, छपाईचे शिशाचे खिळे, यंत्रं, हे सगळं नंतर आलं. अण्णा ट्यूब घासत म्हणाले, "मंजे त्यांचा फळा पांढरा, आपला काळा. येवढाच फरक की."

मी प्रबंधात शेवटचं प्रकरण या फळ्यावर लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी ती पानं बोटानं बाजूला सारली. म्हणाले, "हा एका माणसाचा छंद आहे. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी बंद. वर्तमानपत्र काढणाऱ्याच्या मागे उरतं, बाई."  आजोबांनी ऐकला होता तोच आवाज मी ऐकला, पान उलटल्याचा, आणि मी पायरीखाली उभी राहून नाही, खुर्चीवर बसून गप्प बसले. अण्णांना सांगितलं तर ते चिडलेसुद्धा नाहीत. "बरोबर बोलला त्यो. ह्यो पेपर हाय का न्हाई, ते माझ्या मागंच कळंल," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले…

अण्णा गेले त्या दिवशी त्यांची माती उरकून मी दुकानापाशी आले आणि बघितलं, दोन पोरं फळ्यावर फ्लेक्स ताणत होती. भावपूर्ण श्रद्धांजली. अण्णांचा फोटो तळहाताएवढा, हात जोडलेले पुढारी परातीएवढे. मी म्हटलं, "काढा ते."

"अक्का, मान द्यायलोत की अण्णाला. तेरा दिवस ऱ्हाऊ द्या."

"जन्मभर उघडा ठेवलेला फळा झाकून मान देता? खांबाला बांधा, झाडाला बांधा. इथं न्हाई."

फ्लेक्स निघाला. खाली अण्णांच्या हातची सकाळची तारीख आणि दोन ओळी होत्या. त्याखाली मी लिहिलं, किसनअण्णा आज सकाळी वारले. माझं कन्नड कच्चं, उजवी बाजू रिकामी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी हात पुढे केला. काठी टेकत आलेले वीरभद्रप्पा. "आण खडू," म्हणाले. तीच ओळ कन्नडमध्ये लिहिली, मग डब्यातल्या लाल खडूकडे बघत विचारलं, "ह्याच्यावर रेघ मारता येत न्हाई व्हय गं, सुजा?"

"न्हाई, अप्पा."

खडू डब्यात ठेवला. निघताना म्हणाले, "मग उद्याची तारीख घाल. मी सकाळी येतो."

आता मी काकूकडेच राहते आणि कॉलेजला येजा करते. पहिल्या बसच्या आत तारीख पडते, डावी बाजू माझी, उजवी वीरभद्रप्पांची. मागच्या आठवड्यात मी बीदरच्या गाडीची वेळ चुकीची लिहिली. तिघांची गाडी हुकली, ते येऊन तोंडावर बोलले. मी डबा उघडला, अण्णांच्या बोटांनी झिजलेला लाल खडू काढला, रेघ मारली आणि लिहिलं, चूक माझी. रेघ दिवसभर राहिली. येणारेजाणारे थांबून वाचत होते.