उपनिबंधक, पुणे यांच्याकडे अपील

१९८३ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, कतारमधल्या दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एका क्रेन ऑपरेटरचं सभासदत्व रद्द केलं. पत्रात कारण दिलं होतं: सभासद कुटुंबाशिवाय राहतो, यापुढे मंडळ फक्त कुटुंबांसाठी. कार्यक्रमांना गर्दी होते, अशी तक्रार काही घरांतून आली होती. अध्यक्षांनी कार्यकारिणीला विचारलं नव्हतं.

क्रेन ऑपरेटर कराडकडचा. उम्म सईद या कारखान्यांच्या गावातल्या कामगार कॅम्पात राहायचा आणि शुक्रवारी कंपनीच्या बसने दोह्याला यायचा. त्याच्या खोलीतले बाकीचे तिघे मल्याळी होते. मराठी बोलायला मिळायचं ते मंडळातच.

मंडळाची घटना मी टाइप केली होती. दोह्याला येण्याआधी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नमुना म्हणून वडिलांच्या गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी घेतले आणि ‘सोसायटी’च्या जागी ‘मंडळ’ घातलं. कलम चौदा तसंच राहून गेलं. म्हणणं ऐकल्याशिवाय सभासदाला काढता येणार नाही, असं ते कलम होतं. काढलंच तर त्याने उपनिबंधक, सहकारी संस्था, पुणे यांच्याकडे अपील करावं. चूक माझी होती. तीन वर्षं ती कोणाच्या लक्षात आली नाही.

क्रेन ऑपरेटरच्या आली. पुढच्या शुक्रवारी दोह्याच्या मदिनत खलीफा भागात एका सभासदाच्या व्हिलात सभा होती. तो अर्ज घेऊन दारातच उभा होता.

“कलम चौदा. मला अपील करायचंय.”

“मग टाका टपाल पुण्याला,” अध्यक्ष म्हणाले. ते बांधकाम इंजिनिअर होते. “उपनिबंधक पुढच्या विमानाने येतील, इन्शाल्ला.”

हशा झाला.

“साहेब, बायको गावाकडं ठेवलीया, अक्कल न्हाई,” क्रेन ऑपरेटर म्हणाला. “पुण्याचा मानूस हितं न्हाई, तर हितला नेमा. कलम तर हाय न्हवं?”

पुन्हा हशा झाला. अध्यक्षांचं म्हणणं, अपील ऐकणारा कोणी नाही, म्हणजे अपील नाही, निर्णय अंतिम. तेव्हा खत कारखान्यातले एक वयस्क केमिस्ट उठले.

“म्हणजे तुम्हाला अडवणारं कोणीच नाही. उद्या मला काढाल.”

“तुम्हाला कशाला काढीन, काका?”

“तेच म्हणतोय. तुमच्या मर्जीवर आहे ना.”

अध्यक्षांनी माझ्याकडून घटनेची प्रत घेतली आणि कलम वाचलं. मंडळाशी संबंध नसलेली व्यक्ती नेमा, असं ते म्हणाले. ती सांगेल ते मानीन. क्रेन ऑपरेटरनेही तसंच कबूल केलं. हात वर करून ठराव मंजूर झाला.

सभेने एका रुग्णालयातल्या हेड नर्सना विनंती केली. त्या गोव्याच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. मंडळाच्या सभासद नव्हत्या. दोन आठवड्यांनी त्याच व्हिलात त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“अध्यक्ष, काढण्याआधी ह्यांना काही विचारलंत?”

“पत्र पाठवलं होतं, सिस्टर.”

“ते काढल्याचं. विचारल्याचं?”

“नाही.”

निर्णय चार ओळींचा होता. आदेश रद्द, सभासदत्व कायम. मंडळ फक्त कुटुंबांसाठी ठेवायचं असेल, तर तो नियम सर्वसाधारण सभेने करावा, अध्यक्षांनी एकट्याने नव्हे. अध्यक्षांनी निर्णय स्वतः वाचून दाखवला.

मार्चच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी तोच नियम रीतसर ठराव म्हणून मांडला. तो मंजूर झाला असता तर क्रेन ऑपरेटरचं सभासदत्व पुन्हा गेलं असतं, आणि सभेच्या ठरावावर अपीलही नव्हतं. विरोधात तो बोलला.

“आमचीबी कुटुंबं हाईत. फकस्त तिकडं हाईत. आमी हितं जेवतो, ती तिकडं.”

एवढं बोलून तो खाली बसला. अध्यक्षांनी मतदान घेतलं आणि मोजणी केमिस्टकाकांकडे दिली. ठरावाच्या बाजूने नऊ मतं पडली, विरोधात तेवीस.