छातीच्या एक्स-रेइतका वेळ

वन्सं,

तुमच्याबद्दल लिहिलेलं तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेच आहे. कारण ही गोष्ट तुम्ही सांगायला बसलात की दर वेळी मधूनच सुरू करता, हत्ती विसरता, श्वास विसरता आणि धाडकन "मग मी मात दिली" वर येऊन थांबता. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी कॉम्प्युटरवर खेळ खेळली, त्यात काय एवढं! एवढं काय ते मी सांगते. यातली वहिनी मीच. पण मी-मी करत बसले तर तुमची गोष्ट राहील बाजूला, म्हणून पुढे मीही कुणी तिसरीच. मधे मधे बोलू नका.

तर वन्सं म्हणजे दादांची धाकटी बहीण. उभी हयात एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढण्यात गेली. खोलीला खिडकी नाही, अंगावर शिशाचा जड एप्रन आणि तोंडात दिवसभर एकच पाठ: "श्वास घ्या... धरा... सोडा." ही सवय इतकी मुरली की घरात कुणी जिन्यात ठेचकाळलं तरी त्या आधी "हलू नका!" म्हणायच्या, मग काय झालं ते विचारायच्या.

दादांचं चष्म्याचं दुकान. दुकान हे पोटापुरतं, जीव सगळा बुद्धिबळात. लहानपणी त्यांना लाकडी सोंगट्यांचा संच बक्षीस मिळाला होता. शिसवीच्या काळ्या सोंगट्या, आतून मखमल लावलेली पेटी, सगळा थाट. वन्संनी एक दिवस त्यातला काळा हत्ती बाहुल्यांच्या दवाखान्यात पेशंट म्हणून भरती केला. तो काही बरा होऊन परत आला नाही. दादांनी त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच उभं केलं आणि बहिणीला पटावरून कायमचं हद्दपार केलं. नाव पडलं हत्तीचोर. भावंडांचा एकमेकांवर जीव, दुखण्याखुपण्याला दोघं आधी धावतील, पण पट मांडला की दादा म्हणत, "तू लांब बस."

वन्संनी मग दुसरीकडे सोय लावली. हॉस्पिटलात पेशंटची नावं भरायला कॉम्प्युटर आला, तो जुना डॉसवर चालणारा, काळ्या पडद्याचा. त्यात कुणीतरी बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. दुपारी गर्दी ओसरली की वन्सं त्याच्याशी खेळायच्या. हरायच्या, परत मांडायच्या. दादा एकदा रक्त तपासायला म्हणून आले, या मशीनसमोर बसले आणि अवघड पातळीवर सपाटून हरले. जाताना फणकाऱ्याने म्हणाले, "हत्तीचोर, याला या पातळीवर हरवशील ना, त्या दिवशी माझ्यासमोर बस."

आणि एका दुपारी वन्संनी त्याला हरवलं! पाहायला साक्षीदार एकच: खांद्याचं हाड मोडलेले एक गृहस्थ, जे म्हणाले, "अभिनंदन बाई, पण माझा फोटो काढा हो आधी." फोटो काढून येईस्तोवर मदतनीस बाईंनी कॉम्प्युटर बंद केला होता.

दादा म्हणाले, "पुरावा?"

वन्संनी डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवला.

"असे मीही दहा रचून सांगतो," दादा म्हणाले. विषय संपला. पुढे हॉस्पिटलने तो कॉम्प्युटर भंगारात काढला, वन्सं निवृत्त झाल्या, दुकानही दादांनी विकलं. वन्सं मात्र तो डाव मनात घोळवत राहिल्या, कुणी जपमाळ ओढावी तसा. दादांचा रोजचा जोडीदार मुलाकडे राहायला गेला आणि दादा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायला लागले. पांढरं खेळून झालं की पट गर्रकन फिरवायचा आणि काळं खेळायचं. वन्संना ते बघवेना.

"वहिनी, समोर खुर्ची रिकामी आहे, मी धडधाकट आहे, आणि हा माणूस पट फिरवत बसलाय! याला म्हणायचं काय?"

"खडूस," वहिनी म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केलाय, शब्द तयारच आहे."

एके सकाळी वन्सं लॅपटॉप काखोटीला मारून धापा टाकत आल्या. "मिळाला! तोच! तोच प्रोग्रॅम!" जुने खेळ सांभाळून ठेवणारे हौशी लोक असतात, त्यांच्या साइटवर तो सापडला होता. नव्या कॉम्प्युटरवर तो सरळ चालत नाही. म्हणून नव्या कॉम्प्युटरला जुना असल्याची बतावणी करायला लावणारा दुसरा एक प्रोग्रॅमही त्यांनी आणला होता. आणि मुख्य म्हणजे डोक्यात एक कल्पना होती.

"वहिनी, याला मन नाही. सुरुवातीच्या एक-दोन खेळ्या तेवढ्या तो लहरीने बदलतो. पुढे समोर तेच आलं की उत्तर तेच. मी माझ्या त्याच खेळ्या केल्या तर याला हरावंच लागेल, अगदी तसंच! दादापुढे मी डाव म्हणायचा नाही, यानेच म्हणायचा!"

वहिनीच्या अंगावर काटा आला. इतका सरळ पुरावा! तिने दादांना तिथल्या तिथे हाक मारली.

घाई झाली. पडद्यावर पट क्षणात उमटला, वन्संनी ठरलेल्या खेळ्या केल्या, सुरुवात जमली, आणि सातव्या खेळीला मशीनने भलताच घोडा काढला. मग भलताच उंट. थोड्याच वेळात वन्संचा राजा कोपऱ्यात गुदमरून मेला.

"याचीही स्मरणशक्ती गेली वाटतं," दादा चष्मा पुसत म्हणाले. "संगत कुणाची!" आणि पट फिरवायला निघून गेले.

वन्संचं तोंड एवढंसं झालं. पण नुसतं एवढंसं होऊन भागतंय थोडंच? वहिनीने चहा ठेवला नि सरळ विचारलं, "वन्सं, खरं सांगा. जिंकला होतात ना?"

"वहिनी!"

"मग रडता काय? शोधा, काय बदललंय ते."

शोधायला बसल्यावर ते समोरच होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा: मशीन किती खेळ्या पुढचं बघतंय तो. हॉस्पिटलात तो चारावर जाऊन थांबायचा, फारच झालं तर पाच. आज तो नऊ दाखवत होता! त्या पातळीवर मशीनला प्रत्येक खेळीला ठरावीकच वेळ मिळतो. तेवढ्याच वेळात जुना कॉम्प्युटर जेमतेम नाक्यापर्यंत बघायचा, हा नवा थेट गावाबाहेर नजर टाकत होता. म्हणजे प्रोग्रॅम तोच, पण गडी तो नव्हताच. जुना गडी हवा तर कॉम्प्युटरला लगाम घालायला हवा.

त्या बतावणीच्या प्रोग्रॅममध्येच लगाम होता. दोन बटणं एकत्र दाबली की वेग उतरे. वहिनीने चष्मा लावून इंग्रजी माहिती वाचून काढली. "उतरवा म्हणतायत. पण किती, ते आपल्यालाच ठरवायचंय. तुमचा कॉम्प्युटर किती वेगाचा होता?"

"मला काय माहीत! पांढरा होता, कडेला चहा सांडलेला." वन्सं एकदम थांबल्या. डोळे चमकले. "वहिनी, उठ! त्या कपाटाला छाती लावून उभी राहा."

"काय?"

"उभी राहा गं! रोज दुपारी मी पेशंट उभा करायची, जाता जाता हे सुरू करायची. पट एकदम उमटत नसे, वरून खाली एकेक ओळ रंगत यायचा. 'श्वास घ्या' म्हटलं की वरची ओळ, आणि 'सोडा' म्हणेपर्यंत शेवटचं प्यादं! मला डोळे मिटूनही सांगता येईल. हनुवटी वर!"

वहिनी कपाटाला चिकटली. "श्वास घ्या... धरा..." पट झर्रकन रंगून मोकळा. वेग उतरवला. पुन्हा. पुन्हा. एकदा इतका उतरला की पट अर्ध्यावरच, आणि वहिनी लालबुंद. "सोडा म्हणा हो, मरेन मी!" तेवढ्यात दादा पाणी प्यायला आले. बायको कपाटाला छाती लावून फुगलेली, बहीण लॅपटॉपवर वाकलेली. काही न विचारता ते तांब्या घेऊन परत गेले.

"श्वास घ्या... धरा..." ओळ, ओळ, ओळ, "...सोडा." आणि शेवटचं प्यादं टपकन बसलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वन्संनी एक खेळी केली. कोपऱ्यात दोन, तीन, चार. थांबला!

"हाच!" वन्संनी वहिनीला मिठीच मारली. "हाच तो मेला!"

या वेळी दादांना बोलवायला त्या स्वतः गेल्या. "शेवटचं. हरले तर पुन्हा नाव काढणार नाही."

दादा आले, हाताची घडी घालून लांब बसले. सुरुवातीलाच मशीनने लहर दाखवली, भलतंच प्यादं पुढे केलं. "झालं?" दादा उठायला लागले. "बस!" वन्संनी असं काही सांगितलं की ते बसले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा भलतंच. तिसऱ्यांदा हवं ते प्यादं आलं आणि वन्संनी हात चोळले.

"आता घोडा काढेल," त्या म्हणाल्या. मशीनने विचार केला. घोडा काढला.

"उंट मागे घेईल." घेतला.

सातवी खेळी आली. वहिनीने श्वास धरला, या वेळी कुणी सांगितलेलं नसताना. जुना, नीट ओळखीचा घोडा निघाला. दादांची खुर्ची पुढे सरकली. दहाव्या खेळीला घडी सुटली. पंधराव्या खेळीला ते पडद्याला नाक लावून होते आणि वन्सं आता काही बोलतही नव्हत्या. मशीनने खेळी करायच्या आधी नुसतं बोट एका घरावर ठेवायच्या आणि मशीनची सोंगटी मुकाट तिथे जाऊन बसायची.

मग आली ती जागा. कडेला एक प्यादं उघडं टाकलेलं. मशीनच्या वजिराने ते खाल्लं तर तो अडकणार. जरा पुढचं दिसलं, तर खाणार नाही. कोपऱ्यात तीन. चार. वेळ सरेना. पाच!

"पाच झाले," वहिनी कुजबुजली.

"गप," वन्सं म्हणाल्या.

वजीर उठला आणि त्याने प्यादं खाल्लं.

"अगं घोडा!" दादा उभे राहून ओरडले. "घोडा टाक, घोडा! शह बसतोय!"

"दादा, लांब बस," वन्सं म्हणाल्या. "माझा डाव आहे."

घोडा, हत्ती, मात. मशीनने बारीकसं पीं केलं. दादा तडक आत गेले. वहिनीला वाटलं, रुसले. ते पेटी घेऊन आले, पट मांडला, बूच हत्तीच्या जागी ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढली.

"बस. काळं तू घे. बूच तुझंच आहे, हत्तीचोर."

पहिला डाव दादांनी जिंकला, दुसरा वन्संनी. तिसऱ्याला भांडण झालं, म्हणजे गाडी रुळावर आली. त्याच दिवशी ठरलं की आता बूच शोभत नाही. वहिनीने बाजारात जाऊन लाकूड कातणाऱ्या कातार्‍याकडून नवा काळा हत्ती करून आणायचा. वहिनी विचारून आली. कातारी म्हणाला, करतो, पण नमुन्याला दुसरा हत्ती आठवडाभर द्यावा लागेल.

"आठवडाभर?" दादा म्हणाले.

"मग आम्ही खेळायचं कसं?" वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी वहिनी पिशवी घेऊन पटाशी उभी राहते. "द्या तो हत्ती, जाता जाता टाकून येते." आणि दोघंही मान वर न करता म्हणतात, "हा डाव होऊ दे."